ग्लिसरीनच्या पिंपातले विष : जे. जे. रुग्णालयातील १९८६ च्या घटनेपासून खोकल्याच्या औषधापर्यंत

मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, खोकल्याच्या औषधामुळे लहान मुले दगावल्याच्या बातम्या आल्या आणि दवाखान्यात येणारे बहुतेक आईवडील एकच प्रश्न विचारू लागले. "डॉक्टर, बाळाला सिरप द्यायचे की नाही?" काहींनी तर घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून दाखवायला आणल्या. भीती स्वाभाविक आहे. पण नुसत्या भीतीने काही साधत नाही. नेमके काय घडते, का घडते आणि यापूर्वी किती वेळा घडले आहे, हे समजले तर आपण योग्य ती काळजी घेऊ शकतो. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा आहे. या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत घडलेले आहे आणि आजच्या तरुण पिढीला ते फारसे माहीत नाही.

ग्लिसरीन म्हणजे काय?

ग्लिसरीन आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. थंडीत ओठ फुटले की लावतो, तोंड आले की बोरोग्लिसरीन लावतो. रंग नाही, वास नाही, चवीला गोड आणि पाकासारखे घट्ट. तेल आणि चरबीपासून साबण तयार करताना ते जोडीला मिळते. औषधनिर्मितीत त्याचे महत्त्व मोठे आहे. पातळ औषधाला गोडी आणि घट्टपणा यावा, औषधाचे कण नीट विरघळावेत, यासाठी ते वापरतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल हे याच कामाचे आणखी काही पदार्थ.

शुद्ध ग्लिसरीन योग्य प्रमाणात पोटात गेले तर अपाय करत नाही. धोका आहे तो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एका रसायनाचा. त्याचे नाव डायइथिलीन ग्लायकॉल. तेही रंगहीन, जवळजवळ वास नसलेले, चवीला गोड आणि घट्टसर. त्याचा उपयोग ब्रेक ऑइल, छपाईची शाई, रेझिन, यंत्रांची वंगणे अशा ठिकाणी होतो. कारखान्यात ते उपयोगी आहे, पण माणसाच्या पोटात ते विष आहे. आणि ते औषधी ग्लिसरीनपेक्षा स्वस्त असते. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या दोन गोष्टींत आहे. दिसायला सारखे आणि किमतीला स्वस्त.

औषधी दर्जाच्या ग्लिसरीनमध्ये या विषाचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा आज नियम आहे. म्हणजे १०० ग्रॅममध्ये फार तर एक दशांश ग्रॅम.

पोटात गेल्यावर काय होते?

हे रसायन पोटात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होते. त्यातून डायग्लायकॉलिक अॅसिड नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारतो. सुरुवातीला मळमळ, उलट्या, पोटदुखी, गुंगी. मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, नंतर बंदच होते. अंगावर सूज येते, श्वास जोरात चालतो. काही रुग्णांमध्ये पुढे मज्जातंतूंवर परिणाम होतो. चेहरा लुळा पडतो, हातपाय गळतात, रुग्ण बेशुद्ध होतो.

यातली फसवी गोष्ट अशी की, सुरुवातीची लक्षणे मूळ आजारासारखीच वाटतात. तापाच्या मुलाला उलटी झाली तर कोणाला औषधाचा संशय येणार? त्यामुळे तेच औषध पुढचे दोन दिवस चालू राहते. लवकर लक्षात आले तर डायलिसिस करून विष काढता येते आणि फोमेपिझोल नावाचा उताराही आहे. पण उशीर झाला की हातात फारसे काही उरत नाही.

अमेरिका, १९३७

हे विष औषधातून माणसांच्या पोटात गेल्याची पहिली मोठी घटना अमेरिकेतली. तेव्हा पेनिसिलीन बाजारात आलेले नव्हते. सल्फा गटातील सल्फानिलअमाइड हे जंतुसंसर्गावरचे नवे आणि गुणकारी औषध होते. ते गोळी आणि पावडरच्या रूपात मिळे, पण मुलांसाठी पातळ औषधाची मागणी होती. अडचण अशी की ते पाण्यात नीट विरघळत नव्हते. टेनेसी राज्यातील मॅसेंगिल कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळते असे आढळले. रास्पबेरीचा स्वाद घातला, रंग, चव, वास तपासला आणि औषध बाजारात पाठवले. ते माणसाला अपायकारक आहे का, हे तपासले नाही. तसे तपासण्याची कायद्याने सक्तीही नव्हती.

शंभराहून अधिक माणसे गेली. त्यात ३४ मुले होती. अमेरिकी औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी दुकाने आणि घरे पालथी घालून उरलेल्या बाटल्या गोळा केल्या. कंपनीवर खटला कशाचा भरता आला, ते ऐकून आश्चर्य वाटेल. औषधाच्या नावात 'एलिक्झिर' हा शब्द होता. एलिक्झिर म्हणजे अल्कोहोल असलेले औषध आणि यात अल्कोहोल नव्हते. म्हणून चुकीचे नाव दिल्याबद्दल कारवाई झाली. माणसे मेली याबद्दल कलमच नव्हते! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा बदलला आणि औषध सुरक्षित आहे हे विक्रीपूर्वी दाखवणे बंधनकारक केले. आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे.

मुंबई, १९८६

आता आपल्याकडे येऊ. मुंबईतले भायखळ्याचे सर जे. जे. रुग्णालय १८४५ पासून चालू आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथे जातात. आपल्या भागातूनही अवघड आजाराचा रुग्ण 'मुंबईला जे. जे.ला न्या' असे सांगून पाठवला जात असे.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या रुग्णालयातील काही रुग्णांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली. या रुग्णांचे मूळ आजार वेगळे होते. कुणाच्या मेंदूला सूज होती, कुणाच्या डोळ्यातील दाब वाढला होता. मूत्रपिंडाचा त्यांच्या आजाराशी संबंध नव्हता. त्यांच्यात एक गोष्ट मात्र समान होती. त्यांना तोंडाने ग्लिसरीन दिले जात होते.

इथे थोडे स्पष्टीकरण हवे. ग्लिसरीन पाणी ओढून घेते. पोटातून रक्तात गेल्यावर ते मेंदूच्या आणि डोळ्याच्या पेशींतले जादा पाणी रक्तात ओढते, त्यामुळे सूज आणि दाब उतरतो. त्या काळी हा सर्रास वापरला जाणारा, स्वस्त आणि चांगला उपाय होता. डॉक्टरांनी लिहिलेले औषध बरोबर होते. बाटलीत मात्र ते औषध नव्हते. तपासणीत त्या ग्लिसरीनमध्ये सुमारे १८.५ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. आजच्या ०.१ टक्क्याच्या मर्यादेशी तुलना करून पाहा. कारखान्यात वापरायचे ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात पोचले होते. १४ रुग्ण दगावले.

राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. लेंटिन आयोग हे नाव त्या काळी वर्तमानपत्रांत रोज झळकत असे. आयोगाने एका दोषी माणसाचे नाव सांगून विषय संपवला नाही. औषध रुग्णाच्या तोंडात जाईपर्यंत ज्या ज्या हातांतून गेले, त्या प्रत्येक हाताची त्याने झडती घेतली. पुरवठादार कसा निवडला गेला, रुग्णालयाने माल घेताना काय पाहिले, अन्न व औषध प्रशासनाने आपले काम केले का, मंत्री आणि अधिकाऱ्यांनी काय केले, हे सगळे उघड झाले. अहवालातील ताशेरे इतके कडक होते की, तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

डॉक्टर म्हणून मला या प्रकरणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुरवठादार, खरेदी विभाग, भांडारपाल, निरीक्षक, परिचारिका, डॉक्टर, प्रत्येकाने असे धरून चालले की आपल्या आधीच्याने तपासले असेल. बाटलीवर 'ग्लिसरीन' लिहिले होते, म्हणून ते ग्लिसरीन. लेबलावर सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि आतल्या द्रवाची परीक्षा शेवटी रुग्णाच्या मूत्रपिंडाने केली.

हीच चूक पुन्हा पुन्हा

जे. जे.ची घटना भारतातली पहिली नव्हती. १९७२ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये मुलांच्या औषधातून हेच विष गेले होते आणि मुले दगावली होती. ती शेवटचीही ठरली नाही. १९९८ मध्ये दिल्लीजवळ गुरगावमध्ये खोकल्याच्या औषधाने ३३ मुले गेली. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला जम्मूतील उधमपूर जिल्ह्यात रामनगरला तसेच झाले.

परदेशातही हेच. १९९६ मध्ये हैती देशात तापाच्या औषधाने ८० हून अधिक मुले दगावली. २००६ मधले पनामाचे प्रकरण तर साठवण आणि कागदपत्रे यांचा धडाच आहे. चीनमधून निघालेली ४६ पिंपे स्पेनमार्गे पनामाला गेली. पिंपांत डायइथिलीन ग्लायकॉल होते, कागदावर ग्लिसरीन. माल एका दलालाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक ठिकाणी शुद्धतेच्या प्रमाणपत्रावर नवे नाव चढले. २००३ मध्ये पोचलेली पिंपे तशीच पडून राहिली. मुदतीची तारीख बदलली गेली आणि २००६ मध्ये सरकारी प्रयोगशाळेत त्यातूनच खोकल्याचे औषध तयार झाले. तीन खंडांच्या प्रवासात एकानेही पिंप उघडून आतला द्रव तपासला नाही.

२०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुले दगावली. संशय भारतात तयार झालेल्या औषधांवर होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने जगभर इशारा दिला. त्याच वर्षी उझबेकिस्तान आणि इंडोनेशियातूनही अशाच बातम्या आल्या. त्यानंतर जून २०२३ पासून आपल्या सरकारने निर्यात होणारी खोकल्याची औषधे सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासूनच पाठवण्याची सक्ती केली. बाहेर जाणारे औषध तपासून जाणार, ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्या गल्लीतल्या दुकानात येणाऱ्या औषधाचे काय?

त्याचे उत्तर २०२५ मध्ये मिळाले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागातील लहान मुले साध्या सर्दी-तापानंतर लघवी बंद होऊन गंभीर झाली. छिंदवाड्याला मोठे रुग्णालय म्हणजे नागपूरच जवळचे. त्यामुळे अनेक मुलांना तिथे हलवले गेले आणि काहींनी तिथेच अखेरचा श्वास घेतला. वीसहून अधिक मुले गेली. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ ४८६ पट. बाटलीत जवळपास निम्मे विष होते. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही ही बॅच वापरू नका, असे जाहीर करावे लागले.

जे. जे. आणि छिंदवाडा यांच्यात ३९ वर्षांचे अंतर आहे. घडले मात्र तेच.

मग हे थांबवणे अवघड आहे का?

अजिबात नाही. हे विष ओळखण्याच्या चाचण्या अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. गॅस क्रोमॅटोग्राफीने अचूक प्रमाण कळते. महागडे यंत्र नसेल तर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी ही साधी आणि स्वस्त चाचणीही आहे. औषध कारखान्यात या कच्च्या मालाची हाताळणी कशी असावी, तेही ठरलेले आहे. सामान्य वाचकानेही ते जाणून घ्यायला हरकत नाही.

१. माल ज्याने बनवला त्या उत्पादकाचे नाव आणि मधल्या प्रत्येक विक्रेत्याची नोंद हवी. नुसते दलालाचे प्रमाणपत्र पुरेसे नाही.

२. आलेला माल तपासणी होईपर्यंत वेगळ्या, बंद जागेत ठेवायचा. पास झाल्याची चिठ्ठी लागल्याशिवाय तो उत्पादन विभागात जाता कामा नये.

३. प्रत्येक पिंपातून नमुना घ्यायचा. दहा पिंपे आली आणि एकच तपासले, तर उरलेल्या नऊ पिंपांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

४. औषधी दर्जाचा माल आणि कारखानी दर्जाचा माल एका गोदामात शेजारी ठेवायचा नाही. दोन्हींसाठी एकच पंप, एकच नळी, एकच मोकळे पिंप वापरायचे नाही.

५. ग्लिसरीन हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून पिंपाचे झाकण घट्ट हवे आणि सील तुटलेले पिंप स्वीकारायचे नाही.

६. एका पिंपातून दुसऱ्यात माल काढला तर त्याच क्षणी नव्या पिंपावर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहायची. नाव नसलेला द्रव फेकून द्यायचा. अंदाजाने वापरायचा नाही.

हे वाचून यात विशेष काय, असे वाटेल. स्वयंपाकघरातही आपण मीठ आणि पिठीसाखरेचे डबे वेगळे ठेवतो, तसेच हे. पण या साध्या गोष्टींना वेळ लागतो आणि पैसा लागतो. स्पर्धा दरांची असते तेव्हा पहिली कात्री तपासणीच्या खर्चाला लागते.

कायदा कडक नाही असेही नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये बनावट औषधांच्या प्रश्नावर अहवाल दिला. त्यानंतर २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बनावट किंवा भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर आता किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पण शिक्षा ही मृत्यूनंतरची गोष्ट आहे. मृत्यू टाळण्याचे काम पिंप उघडणाऱ्या माणसाचे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या निरीक्षकाचे आहे. लेंटिन आयोगाने दाखवलेले दुखणे तिथलेच होते.

आपण घरी काय काळजी घ्यायची?

कारखान्यात काय चालते यावर आपले नियंत्रण नाही. पण काही गोष्टी नक्की आपल्या हातात आहेत.

लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. खोकल्याच्या पातळ औषधाने तो लवकर बरा होत नाही. दोन वर्षांखालील बाळांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंत ती शक्यतो टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य विभागानेही सांगितले आहे. भरपूर पातळ पदार्थ, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एक वर्षावरील मुलांना थोडा मध, एवढे सहसा पुरते. डॉक्टरांनी सिरप लिहून दिले नाही तर 'औषधच दिले नाही' म्हणून नाराज होऊ नका. न दिलेले औषध हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

औषध घ्यावे लागलेच तर परवानाधारक दुकानातून, सीलबंद बाटलीत आणि बिलासह घ्या. बिलावर बॅच क्रमांक असतो. एखादी बॅच परत मागवली गेली तर आपल्याकडची बाटली तीच आहे का, हे त्यावरूनच कळते. औषध संपेपर्यंत खोका आणि बिल टाकू नका. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली, शेजारच्यांनी दिलेली बाटली वापरू नका.

तोंडात किंवा बाळाच्या जिभेला लावायचे ग्लिसरीन औषधाच्या दुकानातूनच आणि औषधी दर्जाचे लिहिलेले घ्या. रसायनांच्या दुकानात मिळणारे सुटे ग्लिसरीन कितीही स्वच्छ दिसले तरी ते तोंडात घालण्यासाठी नसते.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीकडे अनेक घरांतली माणसे कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये काम करतात. गाडीचे कूलंट, ब्रेक ऑइल, सॉल्व्हंट उरले की पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणले जाते. कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल हे याच विषाचे भावंड आहे आणि तेही गोड लागते. मूल ते सरबत समजून पिऊ शकते. अशी रसायने त्यांच्या मूळ डब्यातच, कुलपात आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नको.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. कोणतेही पातळ औषध सुरू केल्यावर मूल वारंवार उलट्या करू लागले, जास्त गुंगीत राहू लागले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर ते औषध ताबडतोब थांबवा आणि मुलाला रुग्णालयात न्या. औषधाची बाटली आणि खोका बरोबर न्या. डॉक्टरांना औषध कधी सुरू केले, किती दिले, लघवी शेवटची कधी झाली, हे सांगा. लघवीचा प्रश्न आपल्याकडे पालक आपणहून सांगत नाहीत, पण या विषबाधेत तोच पहिला पुरावा असतो. अशा वेळी एक-दोन तासांनीही फरक पडतो.

म्हणून सगळी औषधे वाईट असा अर्थ मात्र काढू नका. रक्तदाबाची, मधुमेहाची, फिट्सची नेहमीची औषधे या भीतीने बंद करू नका. शंका असेल तर बाटली घेऊन आपल्या डॉक्टरांकडे या आणि विचारा. खराब औषधाचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. जे. जे.मध्ये गेलेल्या चौदा रुग्णांना आपल्या बाटलीत काय आहे, हे विचारण्याची संधी मिळाली नव्हती. आपल्याला ती आहे.